काढलेला अवयव किती थांबेल?

साशंक : अवयव गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतील आणि हवा तेव्हा बाहेर काढून बसवता येईल, असे तुम्ही म्हणता तेव्हा मी आधी विचारतो, आजवर प्रत्यक्षात झाले आहे ते किती? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले जॉन बिशॉफ आणि एरिक फिंगर यांच्या गटाचा निबंध जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांची मूत्रपिंडे उणे 150 अंश सेल्सिअसला 100 दिवसांपर्यंत ठेवली, पुन्हा उबेवर आणली आणि 5 उंदरांत बसवली. उंदीर जगले. काम मोठे आहे, यात शंका नाही. पण उंदराचे मूत्रपिंड एक-दोन ग्रॅमचे, माणसाचे दीडशे ग्रॅमच्या घरातले. वस्तू मोठी झाली की तिच्या पोटातली उष्णता बाहेर काढायला आणि पुन्हा आत न्यायला लागणारा वेळ झपाट्याने वाढतो, आणि या सगळ्या खटाटोपात वेग हाच कळीचा मुद्दा आहे. दुसरे असे, की आपल्याकडची टंचाई साठवणुकीची नाहीच. भारतात मृत्यूनंतर अवयव देणारे दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाहीत. स्पेनमध्ये हाच आकडा 40 च्या वर आहे. आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाच्या अवयवावर होतात आणि देणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा असतो. ज्या देशात पेढीत ठेवायलाच काही नाही, तिथे पेढीच्या तिजोरीची चर्चा कशासाठी?

आशावादी : आकडे मान्य. पण ज्या वाटेवर अवयव हातचे जातात, ती वाट जरा नीट पाहू. शरीरातून काढलेले हृदय बर्फात 4 ते 6 तास टिकते, फुप्फुसे 6 ते 8, यकृत 8 ते 12, मूत्रपिंड फार तर 24 ते 36 तास. एवढ्या अवधीत रक्तगट जुळवायचा, दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी पडताळणारी क्रॉसमॅच करायची, रुग्णाला फोन करायचा, त्याला ताप किंवा जंतुसंसर्ग नाही ना हे तपासायचे, शस्त्रक्रियागृह मोकळे करायचे आणि अवयव शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा. ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो आणि रस्ता मोकळा करणाऱ्या पोलिसांचे कौतुक व्हायलाच हवे. तरीही प्रत्येक ग्रीन कॉरिडॉर हे सांगतो, की काढलेला अवयव आपल्याला थांबवून ठेवता येत नाही. 2023 मध्ये केंद्राने नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढायला सांगितली. रुग्ण कोणत्याही राज्यात नाव नोंदवू शकेल, असे धोरण जाहीर झाले. कागदावरून अट गेली, पण घड्याळाने ती जशीच्या तशी ठेवली. डायलिसिसवर असलेल्या दूरच्या सिरोंच्याच्या माणसाला रात्री अकरा वाजता फोन आला, की पहाटेपर्यंत नागपूरला पोहोचा, तर तो कसा पोहोचेल? त्याचा नंबर वर असूनही अवयव जवळच्या माणसाला जातो. यात कोणी अन्याय करायला बसलेले नसते, तरी अन्याय होतो. आणि ज्या देशात दान भरपूर आहे, तिथेही हेच. अमेरिकेत काढलेल्या मूत्रपिंडांपैकी सुमारे एक चतुर्थांश कोणालाच बसवली जात नाहीत. सगळी वेळेअभावी वाया जातात असे मी म्हणत नाही. पण शंकास्पद अवयव निवांत तपासायला सवड नसल्याने नाकारला जाणे, हे त्यातले एक ठळक कारण आहे.

आता विज्ञानाकडे येतो, कारण '5 उंदीर' एवढ्यावर ते संपत नाही. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी कोंबड्याचे शुक्रजंतू ग्लिसरॉलमध्ये गोठवून पुन्हा हलते केले. तेव्हापासून एकेकट्या पेशी आणि भ्रूण गोठवणे रोजचे काम झाले. अवयवाचे अडते ते बर्फामुळे. पाणी आधी पेशींच्या बाहेर गोठते, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, आत क्षार दाटतात, पेशी आक्रसते; केशवाहिन्यांत वाढणारे स्फटिक भिंती फाडतात. सुट्या पेशींतल्या काही मेल्या तरी उरलेल्यांवर भागते. मूत्रपिंडात गाळणारी, शोषणारी, रक्त वाहून नेणारी अशी निरनिराळ्या पेशींची सलग बांधणी असते, तिथे असे भागत नाही. म्हणून दुसरी वाट निघाली, व्हिट्रिफिकेशनची. गोठणरोधक द्रव इतका दाट भरायचा आणि थंडी इतक्या वेगाने आणायची, की पाण्याच्या रेणूंना स्फटिकात रांग धरायला फुरसतच मिळू नये. सुमारे उणे 120 अंशांखाली सगळे काचेसारखे घट्ट होते. त्या थंडीत रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात, त्यामुळे 10 दिवस आणि 10 वर्षे यांत फारसा फरक उरत नाही. 1985 मध्ये विल्यम रॉल आणि ग्रेगरी फाही यांनी उंदराचे भ्रूण असे ठेवून दाखवले. पुढे फाहींच्याच प्रयोगशाळेत एक ससा अशा मूत्रपिंडावर, दुसरे मूत्रपिंड नसताना, 48 दिवस जगला. तो एकच होता आणि पुढे बरीच वर्षे तसा दुसरा झाला नाही. कारण खरी अडचण थंड करण्यात नव्हती, ऊब देण्यात होती.

साशंक : ती अडचण नेमकी सांगा, कारण बातम्यांत ती नेहमी गाळली जाते.

आशावादी : काच झालेले पाणी परत येताना पुन्हा बर्फ व्हायला बघते. वर येण्याच्या वाटेवर एक टप्पा असा असतो, की तिथे रेंगाळलात तर स्फटिक धरलेच. म्हणून ऊब देण्याचा वेग थंड करण्याच्या वेगापेक्षाही बराच जास्त लागतो. बाहेरून ऊब दिली तर कडा सैल होतात आणि गाभा काच राहतो. दोन्हींच्या प्रसरणात फरक पडला की अवयवाला तडा जातो. मिनेसोटाच्या गटाने गोठणरोधक द्रवाबरोबर सिलिकाचे कवच असलेले आयर्न ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण रक्तवाहिन्यांतून मूत्रपिंडभर पोचवले. बाहेर काढायच्या वेळी अवयव तारेच्या वेटोळ्यात ठेवून दिशा बदलत राहणारे चुंबकीय क्षेत्र लावले. इंडक्शनच्या शेगडीवर जसे थेट भांडेच तापते, तसे इथे कण तापतात. आणि कण रक्तवाहिन्या जातील तिथे सगळीकडे असल्याने कडा आणि गाभा एकदमच उबेला येतात. 2017 मध्ये हे डुकराच्या धमन्यांवर आणि हृदयाच्या झडपांच्या ऊतीवर जमले होते. 2023 मध्ये अख्ख्या अवयवावर जमले. नंतर कण आणि द्रव टप्प्याटप्प्याने धुऊन काढले, मूत्रपिंड उंदराच्या धमनीला आणि शिरेला शिवले. चिमटे सोडल्यावर ते गुलाबी झाले आणि तासाभरात मूत्र येऊ लागले. उंदराची स्वतःची दोन्ही मूत्रपिंडे काढून टाकलेली होती. म्हणजे जगणे सर्वस्वी याच मूत्रपिंडावर होते.

साशंक : त्याच निबंधातले पुढचे वाक्यही सांगायला हवे. पहिले दोन-अडीच आठवडे त्या उंदरांच्या रक्तातले, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनिन चढलेले होते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते खाली आले. मूत्रपिंडाच्या बाबतीत हे चालेल, डायलिसिसवर माणूस तेवढे दिवस काढेल. हृदयाला पहिल्या मिनिटापासून चालावे लागते. त्याने तीन आठवडे मागितले तर द्यायचे कुठून? शिवाय ती मूत्रपिंडे निरोगी, तरुण उंदरांची होती. मेंदूमृत माणसाचा अवयव आधीच बरेच सोसून आलेला असतो. अपघात, रक्तदाबाचे चढउतार, दिवसेंदिवस व्हेंटिलेटर. त्यावर गोठणरोधकाचा विषारीपणा आणखी चढवायचा. हे द्रव कमी भरले तर बर्फ होतो आणि जास्त भरले तर पेशी मरतात. मधली पट्टी अरुंद आहे आणि प्रत्येक जातीच्या पेशीसाठी वेगळी आहे. लिटरभर आकारमानाला काच करून पुन्हा ऊब देता येते, हे मिनेसोटाच्या गटाने अलीकडे दाखवले आहे, हे मला ठाऊक आहे. पण आकार सांभाळणे वेगळे आणि आतला अवयव जिवंत परतणे वेगळे. मधल्या काळात साधे मार्ग पुढे गेले आहेत, त्यांच्याकडे तुमचे लक्ष नाही. बोस्टनमध्ये 2019 मध्ये माणसाची यकृते उणे 4 अंशांना, बर्फ होऊ न देता, नेहमीच्या 9 तासांऐवजी 27 तास राखली गेली. ती कोणाला बसवली नाहीत, पण वाट दिसली. झुरिचमध्ये पिएर-आलँ क्लाव्हियँ यांच्या गटाने एक यकृत यंत्रावर रक्त खेळवत 3 दिवस शरीराबाहेर ठेवले, मे 2021 मध्ये ते एका रुग्णाला बसवले आणि वर्षभराने तो ठीक होता. ते यकृत इतर केंद्रांनी नाकारलेले होते. 3 दिवस मिळाले तर तुमचा सिरोंच्याचा रुग्ण एसटीने नागपूर गाठेल. मग उणे 150 पर्यंत उतरायचे कशासाठी?

आशावादी : कारण तीन दिवसांत प्रवास होतो, जुळवणी होत नाही. आज आपण अवयव जवळजवळ जो समोर येईल त्याला देतो. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच बाधली नाही, की झाले. ऊतींची जुळणी जितकी जवळची, तितके नाकारले जाण्याचे भय कमी. पण जवळची जुळणी मिळायला निवडीला पुष्कळ अवयव एकाच वेळी हाताशी हवेत, आणि ते फक्त साठ्यातच असू शकतात. याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बोस्टनमध्ये मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जा देऊन काही रुग्णांची प्रतिकारशक्ती रोखणारी औषधे पूर्ण थांबवता आली. त्यासाठी रुग्णाच्या शरीराची तयारी प्रत्यारोपणाच्या कित्येक दिवस आधी सुरू करावी लागते. दाता जिवंत असेल तर तारीख ठरवता येते. मृत दात्याच्या बाबतीत तारीख मृत्यू ठरवतो. आयुष्यभर ती औषधे घेणाऱ्यांना विचारा, त्यांचा खर्च काय आणि त्यांच्यामुळे होणारे संसर्ग काय. ज्या दिवशी अवयव थांबू शकेल, त्या दिवशी मृत दात्याच्या अवयवालाही हा उपचार लागू करता येईल. आणि साशंकतेलाही किंमत मोजावी लागते, हे आपल्या देशाला चांगले माहीत आहे. 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून बाळ जन्मल्याचे जाहीर केले. चौकशी समितीने त्यांना खोटे ठरवले. 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवले.

साशंक : त्या माणसावर झालेला अन्याय मी कधीच हलका करणार नाही. पण तो शंकेने केला का? समितीने शंका घेतली असती तर नोंदी मागितल्या असत्या, पडताळणी केली असती. तिने आधी निकाल ठरवला आणि मग प्रश्न विचारले. ज्यांनी त्यांना न्याय दिला ते डॉ. टी. सी. आनंदकुमार मुंबईच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. 1986 मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांसह झालेल्या कामामुळे देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांच्याकडे होता. त्यांनी मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः वाचली आणि 1997 मध्ये तो मान आपल्या हाताने त्यांना देऊन टाकला. माझ्या मते तेच खरे शंका घेणे. मीही टिपणे मागतो आहे, एवढेच.

आणि आता माझा मुख्य आक्षेप. तुम्ही घड्याळाला केवळ शत्रू मानता. पण ते घड्याळ न लिहिलेल्या कायद्याचे काम करत आले आहे. हृदय 4 ते 6 तासांत खराब होते, म्हणून ते कोणी दडवून ठेवू शकत नाही, भाव चढेपर्यंत थांबू शकत नाही, परदेशी विकू शकत नाही. 1994 च्या कायद्याने अवयवांचा व्यापार गुन्हा ठरवला. तरी मुंबईत आणि पुण्यात खोट्या पत्नी, खोटे नातेवाईक उभे करून मूत्रपिंडांचे व्यवहार झाल्याची प्रकरणे बाहेर आली. तिथे दाता चालता-बोलता समोर बसलेला होता आणि कागद खोटे होते. गोठवलेल्या अवयवाच्या बाबतीत तर फक्त कागदच असणार आहे. तो कुठून आला, कोणाचा होता, कोणी संमती दिली, हे सांगायला टाकीबाहेर कोणी नसेल. शिवाय टाकीही विश्वासावरच चालते. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका केंद्रात दूरसूचनेचा अलार्म बंद होता, टाकीचे तापमान चढले आणि 4,000 हून अधिक बीजांडे आणि भ्रूण एका रात्रीत गेले. जे थांबवता येते ते कोणाच्या तरी ताब्यात थांबते. तो ताबा कोणाचा, याचे उत्तर मिळेपर्यंत घड्याळ मोडू नये, असे मला वाटते.

आशावादी : घड्याळ व्यापार रोखते, हे खरे, पण ते सगळ्यांवर सारखे चालत नाही, हेही तितकेच खरे. ज्याच्या घराजवळ मोठे रुग्णालय आहे, ज्याची गाडी दाराशी उभी आहे, त्याला ते सवलत देते. साठवलेल्या वस्तूची नोंद ठेवता येते, तिची तपासणी होऊ शकते. आज रात्री दोन वाजता तासाभरात घेतलेल्या निर्णयाची तपासणी कोण करतो? ताब्याचा प्रश्न आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर दिलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये, साध्या शीतकपाटाच्या तापमानाला, 5 वर्षांपर्यंत राहते आणि भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर पांघरली जाते. ती कोणाला लावली हे कुटुंबाला कळत नाही, तरी कुटुंबे देतात. तिचा काळाबाजार झाल्याचे ऐकिवात नाही.

साशंक : कारण ती जिवंत नसते. ग्लिसरॉलमधली त्वचा काही आठवडे संरक्षण देते आणि निघून जाते. तिच्यासाठी कोणी घर विकत नाही. मूत्रपिंडासाठी विकतात. तरी त्या पेढ्यांकडून शिकण्यासारखे आहे, ते तुम्ही म्हणता त्याच्या उलट. तिथे साठवण्याचे तंत्र कित्येक वर्षे तयार आहे, स्वस्त आहे, आणि तरीही त्वचा कमीच पडते. अडते ते देण्यावर. अतिदक्षता विभागात काय घडते ते बघा. मेंदूमृत्यू ठरवायला कायद्याने डॉक्टरांचे मंडळ आणि किमान 6 तासांच्या अंतराने दोन तपासण्या लागतात. बाहेर बाकावर घरचे लोक बसलेले असतात. आत मॉनिटरवर हृदयाचे ठोके चालू दिसतात, हात लावला तर अंग गरम लागते, आणि त्यांना सांगायचे असते, की माणूस गेला आहे. अनेक रुग्णालये हे सांगण्याच्या वाटेलाच जात नाहीत. तपासणीच होत नाही. तुमचे तंत्र अवयव काढल्यानंतरचा वेळ वाढवते. काढण्यापूर्वीचा एक तासही ते वाढवत नाही. आणि आपले बहुतेक अवयव त्या आधीच्या तासांत जातात.

आशावादी : हे तुम्ही अचूक बोललात आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन वेळा वेगळ्या आहेत हे मान्य केलेच पाहिजे. एवढेच म्हणेन, की त्या एकमेकींना अगदीच सुट्या नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय मेंदूमृत्यू जाहीर करायला कचरते त्याचे एक कारण असे, की पुढचे सगळे धावाधावीचे वाटते. शहरातून पथक येणार, रात्री शस्त्रक्रियागृह उघडणार, प्रेताच्या ताब्यासाठी नातेवाईक ताटकळणार, आणि एवढे करून घेणारा वेळेत मिळाला नाही तर अवयव फुकट. घेणारा नंतर शोधता येईल एवढी खात्री दिली तरी एक अडसर निघेल. आणि मृत दात्यांचे अवयव पुरेसे उपयोगात आले तर आज नवऱ्याला, मुलाला, भावाला मूत्रपिंड देणाऱ्या बायकांवरचा तो न बोललेला दबाव कमी होईल. माझ्या उत्साहाचे खरे कारण हे आहे, काचेचे आणि चुंबकांचे नवल नंतरचे.

साशंक : त्या कारणाशी माझे भांडण नाही. पण काढता काढता अवयवात अनेक टप्प्यांनी द्रव भरणे, कण पोचवणे, नियंत्रित वेगाने थंड करणे, हे जिल्ह्याच्या रुग्णालयात होणार आहे का? तुमचे तंत्र पथकाची गरज कमी करत नाही, वाढवते. बरे, तेही बाजूला ठेवू. माणसावरचा पहिला प्रयोग कोणावर करायचा ते सांगा.

आशावादी : जी मूत्रपिंडे आज नाकारली जातात त्यांच्यावर. ती नाहीतरी वाया जातात. डायलिसिसवरचा रुग्ण, सगळे समजावून सांगितलेला, स्वखुशीने तयार असलेला. अवयव चालला नाही तर तो पुन्हा डायलिसिसवर जाईल, जीव जाणार नाही.

साशंक : आणि तो चालला नाही तर दोष कोणाचा? आधीच दुबळ्या मूत्रपिंडाचा की गोठवण्याचा? त्या प्रयोगातून काहीच शिकता येणार नाही, आणि रुग्णाला मात्र एक शस्त्रक्रिया, परक्या अवयवाविरुद्धची प्रतिद्रव्ये आणि पुढच्या प्रत्यारोपणात जुळणी मिळण्याची कमी झालेली शक्यता एवढे पदरात पडेल. 'नाहीतरी वाया जातात' हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटते. रुग्णाच्या बाजूने ते तसे नाही.

आशावादी : मग एकाच दात्याची दोन चांगली मूत्रपिंडे घेऊ. एक नेहमीसारखे ताजे बसवायचे, दुसरे गोठवून महिन्याने. तुलना स्वच्छ होईल.

साशंक : होईल. पण ते दुसरे मूत्रपिंड त्या रात्री यादीतल्या कोणाला तरी मिळणार होते. त्या माणसाला फोन करून काय सांगायचे? आज तुमचा नंबर लागला आहे, अवयव चांगला आहे, जुळतो आहे, पण तो आम्ही महिनाभर ठेवणार आहोत?

आशावादी : त्याला विचारायचे. कदाचित तो हो म्हणेल, पुढच्यांसाठी.

साशंक : कदाचित म्हणेल. पण सहा वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण हा प्रश्न विचारावा का, हे तुम्ही आणि मी ठरवायचे की त्याने? आणि त्याने ठरवायचे असेल, तर नियमावली लिहिणाऱ्या समितीत आज असा एक तरी माणूस बसायला हवा. त्याला तिथे बसवल्याशिवाय पहिला अवयव गोठवू नये, एवढे तरी तुम्ही मान्य कराल?

आशावादी : ते मी मान्य करतो. पण त्या खुर्चीतल्या माणसाने समितीत येऊन सांगितले, की थांबू नका, लवकर सुरू करा, तर तुम्ही मान्य कराल का?

साशंक : त्याने ही टिपणे वाचून सांगितले तर मला करावे लागेल. ती त्याला कळतील अशी मराठीत कोण लिहून देणार, ते आधी सांगा.